तालुका वाचनालयाचा बालविभाग, समोरची पातळभाजी आणि आमची दोन भावंडं

लायब्ररीचं नाव-गाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगते. गोव्यात तालुक्याच्या ठिकाणी जी सरकारी वाचनालयं आहेत त्यातलं एक, एवढं समजा. पुढे दोनचार तक्रारी येणार आहेत आणि काऊंटरवरच्या बाईंना मला जवळजवळ दर शनिवारी तोंड दाखवायचं असतं, उगाच वाईटपणा कशाला. पण लिहायचं होतंच, कारण आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात "मुलांसाठी कॅम्प सुचवा" चे मेसेज सुरू होतात, मग कुणीतरी भरमसाट फीवाला कॅम्प सुचवतं, त्यात गॅस न पेटवता स्वयंपाक आणि मातीची फळं बनवणं, आणि इथे बसस्टँडपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर पंखा, पुस्तकं आणि बसायला जागा जवळपास फुकटात आहे ते कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आमच्याकडे दोन. मोठी तिसरीत, बारका बालवाडीत. मी सावंतवाडीची, लग्न होऊन इकडे आले, त्यामुळे घरात सासूबाईंची कोंकणी, माझी मराठी आणि शाळेची इंग्रजी अशी तिन्ही चालतात, आणि पोरं ज्याच्याकडून खाऊ मिळणार असेल त्याच्या भाषेत बोलतात.

घरात पुस्तकं नव्हती असं नाही. वाढदिवसाला आलेली, प्रदर्शनातून आणलेली, मामाने पाठवलेली. पण घरातल्या पुस्तकाला मालक असतो ना. मोठीने पहिल्या पानावर बॉलपेनने नाव लिहून ठेवलंय, बारक्याला लिहिता येत नाही म्हणून तो क्रेयॉनने रेघोट्या मारून हक्क सांगतो, आणि मग ज्या पुस्तकाकडे कित्येक महिने कुणी ढुंकून बघितलेलं नसतं ते एकाने हातात घेतलं रे घेतलं की दुसऱ्याला त्याच क्षणी तेच हवं असतं. खेळणं असेल तर एकसारखी दोन आणता येतात, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती कोण आणणार. "माझं आहे, दे" ह्यावर आमची अर्धी संध्याकाळ जायची.

लायब्ररीच्या पुस्तकाचं तसं होत नाही, आणि ह्या अख्ख्या रिव्ह्यूत मला खरं तर एवढंच सांगायचंय. पुस्तकावर शिक्का असतो, आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, ते हिचंही नाही आणि त्याचंही नाही. बारक्याने विचारलं, मग कुणाचं? म्हटलं सरकारचं. सरकार कुठे राहतं? नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, पर्वरीला. (सचिवालय तिथेच आहे, चुकीचं काय बोलला.) तेव्हापासून पुस्तकावरून ओढाताण सुरू झाली की "पर्वरीला परत पाठवू?" एवढं म्हटलं तरी पुरतं. भांडणं बंद झाली असं कुणी समजू नका हं. होतात, पण आता ती "कुणाचं" ची नसतात, "आधी कोण" ची असतात, आणि "आधी कोण" घड्याळाने सुटतं, मोठा काटा सहावर आला की तुझी पाळी. मालकीचं भांडण कुठल्या घड्याळाने सुटतं का, ते ज्यांच्या घरात वडिलोपार्जित जमिनीच्या केसी चालू आहेत त्यांना विचारा, गोव्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता मेंबरशिप. फॉर्म, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि डिपॉझिट, जे कार्ड बंद केलं की परत मिळतं. रक्कम इतकी कमी होती की नवऱ्याला वाटलं मी एक शून्य खाल्लं. मोठीचं कार्ड लगेच झालं, त्यावर तिने सही केली, सही म्हणजे पूर्ण नाव आडनाव आणि खाली दोन रेघा. बारक्याला मात्र कार्ड नाही, वय बसत नाही म्हणाल्या. नियम असेल, पण मला पटलेला नाही. जो मुलगा रोज रात्री तीन पुस्तकं वाचून घेतल्याशिवाय झोपत नाही तो वाचक नाही तर काय मी वाचक, जी दिवाळी अंक होळीपर्यंत पुरवते? त्याची पुस्तकं माझ्या कार्डावर निघतात आणि माझं स्वतःचं पुस्तक घ्यायला जागाच उरत नाही. तो रडायला लागला तेव्हा बाईंनी ड्रॉवरमधून एक जुनी वापरून संपलेली तारखांची चिठ्ठी काढून त्यावर तारखेचा शिक्का मारून दिला आणि म्हणाल्या, "हें तुजें कार्ड." ती चिठ्ठी आता कंपास बॉक्समध्ये असते आणि दर वेळी त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, मागे रांग असली तरी. बाई मारतात. ह्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी.

बालविभाग म्हणजे वेगळी मोठी खोली नाही, हॉलच्या एका कोपऱ्यात चार कपाटं, एक बुटकं टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर नकाशा. ठीक आहे. पण कपाटांना कुलूप नाही, हे महत्त्वाचं, कारण मी लहानपणी ज्या वाचनालयात जायचे तिथे पुस्तकं काचेआड असायची आणि मागितल्याशिवाय हातात मिळायची नाहीत, आणि काय मागायचं हे आधी माहीत असायला लागायचं, जे आठ वर्षांच्या मुलीला कसं माहीत असणार. इथे पोरं स्वतः कपाटात हात घालतात, काढतात, नको तर परत ठेवतात (चुकीच्या जागी).

चुकीच्या जागेवरूनच मोठीला तो नंबरांचा नाद लागला. बाईंनी एकदा तिला शांतपणे दाखवलं की प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर जो नंबर आहे तो उगाच नाही, त्याच नंबराच्या शेजाऱ्यापाशी पुस्तक ठेवायचं. पुस्तकांना विषयाप्रमाणे नंबर द्यायची दशांश पद्धत आहे, ड्यूईची, जगभर चालते. आता हिला लोककथा म्हणजे ३९८.२, डायनासोर म्हणजे ५६७.९, स्वयंपाक म्हणजे ६४१.५ हे पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ आहे, सात साते विचारा, अडकेल. घरी येऊन तिने आमच्या शेल्फवरच्या पुस्तकांना पण नंबर चिकटवले, माझ्या मसाल्यांच्या डब्यांना सुद्धा ६४१ लावून टाकलं, आणि सासूबाई धने शोधत बसल्या कारण डब्यावरची नावं नंबराखाली गेली होती. लायब्ररीचा असाही परिणाम होतो हे फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

पुस्तकं कशी आहेत हे जरा सविस्तर सांगते कारण बाकी आयांना तेच हवं असणार. मराठी कपाटात बऱ्याच पुस्तकांवर राजा राममोहन राय लायब्ररी फाऊंडेशनचा शिक्का दिसेल, ती कोलकात्याची केंद्र सरकारची संस्था, देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांसाठी मदत देते. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयवाली पातळ पुस्तकं आहेत, ती मला फार आवडतात, किंमत कमी, चित्रं चांगल्या चित्रकारांची, आणि एका बैठकीत संपतात. ज्योत्स्ना प्रकाशनची काही आहेत, प्रथम बुक्सची आहेत. हे सगळं दोन खणांत संपतं. उरलेले खण कशाने भरलेत तर बोधकथांनी. अमुक बोधकथा, तमुक संस्कारकथा, थोरांची चरित्रं, सगळी एकाच अंगाची, आणि प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरात "तात्पर्य". मोठीने त्यावर स्वतःचा उपाय शोधलाय, ती आधी तात्पर्य वाचते आणि "हे मला माहितीये" म्हणून पुस्तक परत ठेवते. मी काही बोलत नाही. लोभी कुत्र्याची गोष्ट सांगायची तर सांगा ना, पण ती संपल्यावर पोराला आपलं आपण दोन मिनिटं गप्प बसू द्या की.

इंग्रजीचं कपाट जास्त नवं, जास्त जाड आणि जास्त वापरलेलं आहे. कोंकणीचं सगळ्यात छोटं. म्हणजे ज्या घरात आजी कोंकणीत गोष्टी सांगते त्या घरातल्या मुलाला वाचायला कोंकणीत सगळ्यात कमी, ऐकायला सगळ्यात जास्त. ज्या गोव्यात १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आला तिथे मुलांची कोंकणी-मराठी पुस्तकं मिळून एका मिठीत मावतात हे बघून मला राग येतो, पण तो राग काऊंटरवरच्या बाईंवर काढण्यात काही अर्थ नाही. सूचनांची वही आहे, तिच्यात लिहा. मी लिहिलंय. गोव्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा १९९३ चा कायदा आहे, म्हणजे आपण कुणाकडे मेहेरबानी मागत नाही आहोत.

अगदी लहानांसाठी, म्हणजे दीड-दोन वर्षांच्या बाळांसाठी, काही नाही. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं नाहीत, कदाचित चावली जातात म्हणून. बाळ असेल तर घरूनच काहीतरी घेऊन जा.

दोन वेगळ्या वयांच्या मुलांना एकत्र वाचून दाखवणं हा एक वेगळाच प्रकार आहे. मी आधी दोघांना आपापल्या वयाची पुस्तकं देऊन बघायचे, पुस्तकांवर तसं लिहिलेलंही असतं ना, पण बारक्याला ताईचं हवं आणि ताईला, ती मान्य करणार नाही, पण बारक्याचं हवं. बारक्याच्या पुस्तकात एका पानावर एक ओळ, मोठं चित्र, तीच ओळ पुन्हा पुन्हा. मी ते वाचायला घेतलं की मोठी लांब सोफ्यावर स्वतःचं पुस्तक उघडून बसते आणि बराच वेळ पान उलटत नाही. शेवटी येऊन बसतेच. आणि मग "मी वाचते त्याला" म्हणून हातातून घेते, आणि गोष्ट बदलते. तिच्या वाचनात वाघ नेहमी ताईचं न ऐकणाऱ्या लहान भावालाच पकडतो. बारक्याला वाचता येत नाही पण आदल्या रात्रीचं सगळं पाठ असतं, तो लगेच ओरडतो की असं नाहीच्चे तिथे, आणि दोघं चित्रावर बोट ठेवून वाद घालतात की ह्या चित्रात भाऊ कुठाय. चित्र नीट बघण्याचं काम एवढ्या बारकाईने कुठल्या शाळेत होणार? बाई मात्र लायब्ररीत हे चाललं की नुसतं बघतात, "बोवाळ करूं नाका" (गोंगाट करू नका) त्या फक्त मोठ्यांना म्हणतात, जे वाचनकक्षात मोबाईलवर बोलत बसतात. बरोबर आहे त्यांचं.

पुस्तकं कमी पडली की घरी मी फोनवर स्टोरीवीव्हर उघडते. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेली साईट आहे, मराठीतल्या कितीतरी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापून वाटायलासुद्धा परवानगी आहे. चार पातळ्या आहेत, पहिलीत अडीचशेच्या आत शब्द आणि चौथीत दीड हजाराच्या वर, त्यामुळे दोन भावंडांचं गणित सोपं जातं. पण एक सांगते, फोनवर वाचायला घेतलं की बारक्याचं बोट पान उलटायला नाही, व्हिडिओ कुठे आहे ते शोधायला फिरतं. म्हणून मी काही गोष्टी झेरॉक्सवाल्याकडून छापून, स्टेपल मारून आणल्या. काळ्या-पांढऱ्या छापल्या की रंगवायला पण होतात. त्यांना मालक नाही, फाटल्या तर पुन्हा छापता येतात, आणि गंमत म्हणजे त्यांच्यावरून पण भांडण होत नाही.

आता पावसाळा. हा भाग जे पुण्या-मुंबईत राहतात त्यांनी सोडून दिला तरी चालेल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पापड मऊ पडतात, चप्पल हिरवी होते, तिथे पुस्तकाचं काय होणार. लायब्ररीची पुस्तकं ह्या दिवसांत वास मारतात, काही पानं एकमेकांना चिकटलेली, बांधणीत कसर. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकलेल्या असतात, त्याचाही वास, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मी पावसात पुस्तक आणलं की आधी कोरड्या फडक्याने पुसते, उघडून पंख्याखाली उभं करते, पान ओलं वाटलं तर मध्ये साधा कोरा कागद घालते, पेपरचा नाही, पेपरची शाई उतरते. कडक उन्हात टाकायचं नाही, पानं वाकतात आणि पिवळी पडतात. आणि पुस्तक ओलं असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचं तर अजिबात नाही. नेताना पिशवी लागतेच, आमच्याकडे त्यासाठी तांदळाची जुनी चेनवाली पिशवी ठेवली आहे, दोन्ही कार्डं त्यातच. ज्यांच्या पोरांना धुळीची ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांनी पावसाळ्यात नव्या खणातलीच पुस्तकं घ्यावीत असं माझं मत.

आत खायला परवानगी नाही, पाण्याची बाटली चालते. हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, एका पुस्तकात कुणाचातरी सोलकढीचा डाग आलेला बघितलाय, गुलाबी, अगदी राजकन्येच्या तोंडावर. पण तासाभराने बारक्याला भूक लागतेच, लागली नाही तरी लागते, कारण त्याला माहितीये समोर काय आहे.

समोर आहे छोटा कॅफे, नाव त्याचंही नको. चारपाच टेबलं, भिंतीवर देव, काचेच्या कपाटात बन्स (केळ्याच्या गोड पुऱ्या), मिरची भजी, समोसे, आणि एका बाजूला परातीत पाव. आम्ही घेतो मिक्स, म्हणजे पातळभाजीत थोडी सुकी बटाट्याची. इथली पातळभाजी खरंच चांगली आहे, पांढरे वाटाणे नीट शिजलेले पण अख्खे, खोबऱ्याचं वाटण भाजलेलं, मागून हलका तिखटपणा येतो, काही ठिकाणी नुसता पिवळा रस्सा देतात तसं नाही. पाव सकाळी ताजे, कातऱ्याचे किंवा उंडे, दुपारी चारनंतर गेलात तर संपलेले असतात आणि मग तो पुरी देतो, पुरी तेलकट असते, घेऊ नका. चहा गोड, फारच गोड, सांगितलं तर कमी करतो. बारका पाव बुडवून मऊ करून खातो, मोठी पावाचं पोट काढून त्यात भाजी भरते, आणि एक प्लेट दोघांत दिली तर वाटाणे मोजले जातात. खरंच मोजतात. इथे पर्वरीचा उपाय चालत नाही. वाटाणा सरकारचा नसतो. शेवटी दोन वेगळ्या वाट्या मागून घेते आणि पोऱ्या न विचारता आणतो, त्याला सवय झालीये.

एकच खटकतं, हात धुवायच्या बेसिनपाशी साबण कधी असतो कधी नसतो. पातळभाजीची हळद बोटावर राहिली की पुढचं पुस्तक गेलंच. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे, आधी लायब्ररी, पुस्तकं पिशवीत बंद, मग कॅफे, आणि पिशवी माझ्या मांडीवर. उलटं करायचा आग्रह मुलं रोज धरतात.

स्वयंपाकाच्या नंबरावरून आठवलं. मोठीने ६४१.५ मधून मुलांसाठीच्या पाककृतींचं एक पुस्तक आणलं, त्यात सगळं केक, कुकी, ओव्हन १८० डिग्री. आमच्याकडे ओव्हन नाही. मग ती तोंड पाडून बसली, आणि त्याच वेळी सासूबाईंनी काळी पडायला आलेली केळी बाहेर काढली, म्हणाल्या बन्स करूया की. केळी कुस्करायची ती बारक्याने, साखर, दोन चमचे दही, जिरं, चिमूटभर सोडा, चवीला मीठ, आणि बसेल तेवढा मैदा, पाणी अजिबात नाही, मऊसर मळून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी जाडसर लाटून मध्यम आचेवर तळायचे, तेलात टाकल्यावर वरून झाऱ्याने तेल उडवलं की टम्म फुगतात. मोठी पुस्तकात बघून बघून "पण ह्यात असं नाही लिहिलंय" म्हणत होती. सासूबाईंचं ठरलेलं वाक्य आहे, "पुस्तकां वाचून पोट भरना," पण त्या दिवशी त्यांनीच तिला वही आणायला लावली आणि बन्सची कृती लिहून घ्यायला सांगितली, प्रमाण मात्र सांगता आलं नाही, "हाताक कळटा" एवढंच. मोठीने तेच लिहिलं: मैदा - आजीच्या हाताला कळेल तेवढा. वहीवर नंबर टाकलाय.

मैत्रिणी विचारतात की मग पणजीला सेंट्रल लायब्ररीतच का नाही जात, एवढी मोठी आहे. जातो की, पणजीला काम असेल तेव्हा. पाटोला कदंब बसस्टँडपासून जवळच आहे, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, १८३२ साली पोर्तुगीज काळात सुरू झालेलं. ज्यांचं नाव दिलंय ते कृष्णदास शामा केळोशीचे, १५२६ मध्ये मराठीत ओव्या लिहिणारे. तिथून चालत नदीची खाडी ओलांडून मळा नावाच्या भागात, फोंताइन्यशच्या गल्ल्यांत गेलं की मुलांना रंगीत घरं बघायला मिळतात आणि थर्टी फर्स्ट जानेवारी बेकरीतून काहीतरी गोड, दिवस मस्त जातो. पण तो दिवसभराचा कार्यक्रम झाला. लहान भावंडांना मोठ्या लायब्ररीपेक्षा जवळची लायब्ररी बरी, कारण त्यांना बसायचंच असतं तासभर, नंतर एकाला शू येते आणि दुसऱ्याला कंटाळा.

आणि शू वरून आता खरी तक्रार. टॉयलेट आहे, पण कुलूप असतं आणि चावी शिपायाकडे, आणि शिपाई कुठे ते शोधावं लागतं. बालवाडीतल्या मुलाकडे तेवढा वेळ नसतो. त्या कॅफेवाल्याने आम्हाला ह्या बाबतीत जी मदत केली आहे त्याबद्दल त्याला वेगळे गुण द्यायला हवेत. सरकारी इमारतीत मुलांचा विभाग काढायचा आणि मुलांचं टॉयलेट कुलुपात ठेवायचं, हे ज्याने कुणी ठरवलं त्याला बहुतेक मुलं नसावीत किंवा ती बायको सांभाळत असावी.

दुपारी जेवणाची सुट्टी असते, पाटी लागते, त्या वेळात पोचलात तर बाहेर पायरीवर. उशीर झाला तर फाईन आहे, थोडाच, पण बारक्याने एकदा तो स्वतःच्या खाऊच्या पैशातून भरला आणि पावती मागून घेतली, त्यामुळे आता उशीर झाला तरी त्याला चालतो. फोन करून मुदत वाढवून मिळते, त्या पुस्तकाला दुसरं कुणी मागणारं नसेल तर. स्कूटर लावायला जागा मोटारसायकल पायलट (भाड्याने मोटारसायकलवरून सोडणारे) उभे असतात त्याच्या पलीकडे, शनिवारी बाजाराच्या दिवशी मिळणं कठीण.

मासिकांचं सांगायचं राहिलं. टेबलावर बालभारतीचं किशोर येतं, १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट वाचता येतात, पण पोरांना कागदाचाच हवा असतो. नवा अंक आला की पुढचा येईपर्यंत घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचा, आणि प्रत एकच. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दार उघडायच्या वेळी जाऊन थांबा, त्यानंतर आलात तर तो आमच्या मोठीच्या हातात असेल आणि कोडी पेन्सिलीने सोडवून झालेली असतील.